केळीची बाग तारण चालेल का?
"रावेरला सहा एकर बागायत आहे, मग मुलीच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जाला तारणाची काय चिंता?" असं वर विचारलंय. दादा, आम्ही नेमके तिथेच अडकलो होतो. धाकट्या भावाच्या वेळी सातबारा, आठ-अ, फेरफार अशी जाडजूड फाइल घेऊन जळगावला गेलो. मॅनेजरसाहेबांनी पहिलं पान पाहूनच विचारलं, "एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर आहे का?" कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करून विकायची मुभा बँकेला सरफेसी कायदा देतो; शेतजमिनीला तो लागू होत नाही, त्यामुळे बँका या कर्जाला ती सहसा धरत नाहीत. शेवटी मामांनी भुसावळचं घर दिलं. (मामी महिनाभर बोलल्या नाहीत.) ७.५ लाखांपर्यंत विनातारण मिळतं खरं, पण तेवढ्यात परदेशात काय भागणार?

म्हणून आधी जे. एन. टाटा एंडोमेंट बघा. १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्ज-शिष्यवृत्ती, परत फेडावी लागते. नंदुरबारकडच्या ज्या आदिवासी ताईंनी मुलाच्या परदेशी शिक्षणाबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला जागा फक्त २०, तेव्हा जातवैधता प्रमाणपत्राच्या मागे आजच लागा.