घरच्या संगणकासाठी विश्वासार्ह अँटिव्हायरस कोणता?

प्रश्न: विंडोज ११ असलेल्या आमच्या संगणकावर आई-बाबा बँकेचे व्यवहार करतात. विकतचा अँटिव्हायरस घेणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १: विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो आणि अद्ययावत ठेवल्यास घरगुती वापराला तो सहसा पुरतो. तरीही विकतचा घ्यायचा असेल, तर जाहिरातींपेक्षा जर्मनीतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या चाचण्यांचे ताजे निकाल पाहावेत. पुण्याच्या क्विक हीललाही हीच कसोटी लावावी, आपुलकीची नव्हे.

उत्तर २: सहमत आहे. मात्र ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असे बजावत ब्राउझरमध्ये अचानक उघडणाऱ्या पानावरून काहीही डाउनलोड करू नये, कारण बनावट अँटिव्हायरस बहुधा याच वाटेने शिरतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दुसरा अँटिव्हायरस घेतल्यास डिफेंडर स्वतः बंद करावा लागेल का?

उत्तर १: नाही, तो आपोआप बाजूला होतो.