मदत हवी आहे: ग्रॅव्हास्टारच्या आत ढकलणारं बल, मग बाहेर ओढ कशी?

पावेल मझूर आणि एमिल मोटोला यांनी 2001 मध्ये मांडलेलं ग्रॅव्हास्टारचं मॉडेल वाचतोय. ब्लॅक होलच्या जागी, सिंग्युलॅरिटी (घनता अनंत होणारा बिंदू) नाही, क्षितिज (जिथून प्रकाशही परत येत नाही ती सीमा) नाही, आत डी सिटर पोकळी (ऋण दाबाच्या ऊर्जेने भरलेलं अवकाश), भोवती पातळ कवच आणि बाहेर नेहमीचंच श्वार्झशिल्ड (गोल वस्तूबाहेरच्या रिकाम्या जागेचं गुरुत्व). कल्पना फार देखणी आहे, पण एका जागी गाडी अडलीये.

आतमध्ये दाब = उणे घनता, म्हणजे घनता + 3 × दाब काढलं की उणे 2 × घनता येतं. रायचौधुरी समीकरणात (गुरुत्वामुळे पदार्थ जवळ येतो की दूर जातो हे सांगणाऱ्या) हे घातलं की आत ढकलणारं बल मिळतं, इथपर्यंत ठीक. पण नुसती घनता गुणिले आकारमान केलं तर वस्तुमान धन येतं आणि बाहेरून मोजणाऱ्याला तेच दिसतं, टोलमनचं सूत्र (वस्तुमानात घनतेबरोबर दाबही मोजणारं) लावलं तर मात्र आतल्या भागाचं योगदान उणे. दोन्ही बरोबर कसं असेल?

मला वाटतं फरक कवचातल्या (पृष्ठभागाला समांतर) दाबातून भरून निघत असावा, पण जोडणीच्या अटी (आतलं आणि बाहेरचं अवकाश कवचावर जुळवणारी समीकरणं) लावताना चिन्हांचा गोंधळ होतोय.

हे मॉडेल निरीक्षणांत टिकेल का हे विचारत नाहीये, तो वेगळा विषय. बीएस्सीपर्यंतचं गणित येतं, टेन्सर जेमतेम. कवचाच्या दाबाचं योगदान धन येतं हे कागदावर चार ओळींत कसं दाखवायचं?