सुलोचनादीदींसाठी एक संध्याकाळ : कुठला सिनेमा लावू? (अमळनेर)

बोरीकाठची :
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाने यंदा 30 जुलैला, म्हणजे अभिनेत्री सुलोचनादीदी (सुलोचना लाटकर) यांच्या वाढदिवशी, त्यांचा एक सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचं ठरवलंय. 2028 ला त्यांची जन्मशताब्दी येते, तोवर दरवर्षी एक करू असा विचार आहे. बायका तीस-पस्तीस असतील. निम्म्या सत्तरीच्या पुढच्या, बाकी त्यांच्या सुना आणि कॉलेजातल्या नाती. जागा म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंचा मोठा हॉल, प्रोजेक्टर भाचा आणतोय.

माझ्या सासूबाईंना दीदींचा भारी लळा. टीव्हीवर त्या दिसल्या की हातातलं निवडणं बाजूला पडतं. परवा अहिराणीत म्हणाल्या, "तिले देखं का मनी मायनी याद येस," म्हणजे तिला पाहिलं की माझ्या आईची आठवण येते. दीदी 2023 च्या जूनमध्ये गेल्या त्या दिवशी त्या धड जेवल्याही नव्हत्या.

माझी अडचण अशी की 250 च्या वर सिनेमे असलेल्या बाईचा एक कुठला निवडायचा? नातींना कंटाळा येऊ नये आणि म्हाताऱ्यांना दोन-अडीच तास बसवेल असं सांगा. 'श्यामची आई' लावावा का? साने गुरुजी आपल्या अमळनेरचेच मास्तर, म्हणून सुचलं.

तापीकाठ :
ताई, 'श्यामची आई'त आई झाल्यात त्या वनमाला. तो सिनेमा अमळनेरात जरूर लावा, पण वेगळ्या दिवशी.

बोरीकाठची :
बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे तिघीजणी तोच सिनेमा दीदींचा म्हणून सांगत होत्या.

केळीवाला रावेर :
आणखी एक. नेटवर नुसतं 'सुलोचना' टाकलंत तर तीन जणी निघतात. मूकपटांच्या काळातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण आणि आपल्या सुलोचना लाटकर. भाच्याला नीट सांगा, नाहीतर फोटोच्या बॅनरवर भलतीच बाई यायची. आमच्या इथे एका कार्यक्रमात असं झालेलं आहे.

धुळेकर आप्पा :
ताई, मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त. दीदींवर बोलायचं म्हटलं की मला थांबवत नाही, तेव्हा जरा मोठं लिहितो.

माझं मत 'मोलकरीण' (1963). मुलाच्याच घरात आई मोलकरीण म्हणून राहते आणि ओळख देत नाही, एवढी गोष्ट तुमच्या सासूबाईंना ठाऊक असणारच. पण नातींना आधी एक सांगा : मुलगा झालेत रमेश देव. त्यांचा जन्म जानेवारी 1929 चा आणि दीदींचा जुलै 1928 चा. म्हणजे पडद्यावरची आई मुलापेक्षा जेमतेम सहा महिन्यांनी मोठी! दीदी तेव्हा पस्तिशीच्या. तरी कुठेही खोटं वाटत नाही. हे नुसतं केस पांढरे करून होत नाही. चाल, बसणं-उठणं, आवाज सगळंच म्हातारं करावं लागतं. मुलीबाळींना हे आधी माहीत असलं की त्या रडायच्या सिनेमाला आल्यासारख्या बसणार नाहीत, काम बघायला बसतील.

आणि काम बघायचं तर हे बघा. मोलकरणीच्या भूमिकेत तिला दोन बायका एकदम करायच्या आहेत. हाताने घरकाम करणारी गडीबाई आणि डोळ्यांनी आई. घरच्यांना फक्त हात दिसले पाहिजेत, आपल्याला डोळे. 'देव जरी मज कधी भेटला' या गाण्यात हे दोन्ही एका जागी येतं. पी. सावळारामांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, आशाताईंचा आवाज. म्हातारी मंडळी सोबत गाणार, गाऊ द्या. आवाज कमी करायला सांगू नका.

हिंदीतही हेच. 'जॉनी मेरा नाम'मध्ये (1970) देव आनंद आणि प्राण यांची आई. देव आनंद 1923 चे, प्राण 1920 चे. दोन्ही लेक आईहून मोठे! आपल्या सिनेमाने बाईला फार लवकर म्हातारी केली हेही त्यात दिसतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण दीदींनी मिळालेल्या त्या भूमिकेत जीव ओतला, म्हणून आज साठ वर्षांनी आपण इथे बोलतोय.

चाळीसगाव जंक्शन :
आप्पांचं पटतं, पण मी 'एकटी' (1968) म्हणेन. पोराला शिकवून परदेशी पाठवते आणि मग मागे एकटी उरते. आपल्या खान्देशात सुरत, पुणे, आता तर जर्मनी-अमेरिकेला पोरं गेलेली घरं किती आहेत! 'लिंबलोण उतरू कशी' हे गाणं लागलं तेव्हा माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर असलेल्या माझ्या भावाला तसंच स्क्रीनवरून ओवाळलं होतं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं (सुधीर फडके) संगीत, सुमनताईंचा (कल्याणपूर) आवाज. पोरगा झालेत काशिनाथ घाणेकर, जे पुढे दीदींचे खरोखरीचे जावई झाले.

तापीकाठ :
'एकटी' एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दाखवताना जपून, दादा. आमच्या सोसायटीत एक आजी मध्येच उठून गेल्या. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांना ते फार लागतं.

चाळीसगाव जंक्शन :
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग पूर्ण सिनेमा नको, ताई. गाणं मात्र लावा.

शिरपूरची सून :
रडवणाऱ्या आईशिवाय दुसरं काहीच दाखवणार नाही का? 'मराठा तितुका मेळवावा' (1964) मधल्या जिजाऊ बघा. ताठ मान, एक शब्द वाया नाही. भालजी पेंढारकरांचा सिनेमा, आणि दीदी भालजींच्याच तालमीत घडलेल्या. बेळगावकडच्या खडकलाटसारख्या खेड्यातून, गावाकडची बोली घेऊन त्या कोल्हापूरच्या स्टुडिओत आल्या होत्या. सुलोचना हे नावही भालजींनीच दिलेलं. आमच्याकडच्या मुली कॉलेजात अहिराणी बोलायला लाजतात. त्यांना हे सांगा की अशीच एक खेड्यातली मुलगी पुढे पडद्यावर जिजाऊ म्हणून उभी राहिली आणि महाराष्ट्राने ती मानली.

आणि 'सुजाता' (1959). त्यात त्या नूतनच्या आई, सांभाळणाऱ्या. पण ही आई जातीच्या भिंतीपलीकडे मुलीला पुरतं जवळ घेत नाही. शेवटी जिन्यावरून पडून जिवावर बेततं आणि रक्त जुळतं ते त्याच मुलीचं. दीदींनी त्या बाईला दुष्ट केलेलं नाही. चारचौघींसारखी भली बाई अशी वागू शकते हे दाखवलंय, आणि म्हणून ते जास्त बोचतं. नातींशी बोलायचं तर हाच सिनेमा.

बोरीकाठची :
वहिनी, हे फार छान सांगितलंत. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की 'सुजाता' हिंदी आहे, आम्हाला मराठी लावा. पण नातींना 'सुजाता'च हवा. आता घरात दोन पक्ष!

धुळेकर आप्पा :
मग यंदा 'मोलकरीण' पूर्ण, पुढच्या वर्षी 'सुजाता'. त्याच्या पुढच्या वर्षी 'प्रपंच' घ्या, त्यात कुंभाराची बायको पारू आहे. 'फिरत्या चाकावरती' ऐकायला तरी घ्याच. शताब्दीला 'वहिनीच्या बांगड्या' (1953) ठेवा. पंचविशीतल्या दीदी, घर सांभाळणारी तरुण वहिनी. सगळं म्हातारपण बघून झाल्यावर त्यांचं तरुणपण बघायचं. उलटा क्रम आहे, पण मला तो आवडेल.

केळीवाला रावेर :
तांत्रिक बाजू माझी. चित्र पुसट असलं तर चालतं, आवाज फाटला तर म्हाताऱ्या पाच मिनिटांत गप्पा मारायला लागतात. जुन्या प्रतींचा आवाज दबलेला असतो, तेव्हा प्रोजेक्टरच्या आतल्या भोंग्यावर विसंबू नका. दोन स्पीकर, तेही समोरच्या बाजूला, कानाच्या उंचीवर. आदल्या दिवशी पूर्ण सिनेमा चालवून बघा, नुसती सुरुवात नको. मध्येच एखादं रीळ गाळलेल्या प्रती फिरतात. पावसाचे दिवस, लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर किती वेळ चालतो तेही पाहा. घरगुती आहे तोवर ठीक. मंडप टाकून, तिकीट लावून करणार असाल तर मात्र हक्क कोणाकडे आहेत ते विचारून परवानगी घ्या.

शिरपूरची सून :
आणि मध्यंतर हवंच. दीड तासाच्या वर गुडघे बोलतात. जमिनीवर सतरंजी नको, खुर्च्या मांडा. खायला फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी करा, पावसात दुसरं काही नको.

तापीकाठ :
सिनेमाआधी भाषणं नकोत. पद्मश्री 1999, महाराष्ट्र भूषण 2009 एवढं सांगा आणि दिवे बंद करा. बोलायचं ते नंतर, आणि आधी म्हाताऱ्यांनी. पहिल्यांदा दीदींना कुठे पाहिलं, कोणाबरोबर पाहिलं, एवढंच विचारा. आमच्याकडे एका आजींनी यात्रेतला तंबू सांगितला. बायकांची बाजू वेगळी, मागे पडद्याला टेकून झोपलेली पोरं, आणि रीळ तुटलं की कंदिलाच्या उजेडात सगळ्या जणी तोवर झालेली गोष्ट एकमेकींना पुन्हा सांगायच्या. ते बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

बोरीकाठची :
ठरलं. यंदा 'मोलकरीण', मध्यंतरात 'लिंबलोण', दुपारी दोनला सुरू म्हणजे अंधाराच्या आत सगळ्या घरी. रमेश देवांचं वय मी सिनेमा सुरू होण्याआधीच सांगणार आहे. रेकॉर्डिंगचं काम दोघी नातींनी मागून घेतलंय. रावेरच्या भाऊ, स्पीकर भाड्याने घ्यायचे तर किती वॅटचे घेऊ? हॉल साधारण वीस बाय तीस फूट आहे.

केळीवाला रावेर :
तेवढ्या हॉलला शंभर-शंभर वॅटचे दोन पुरे झाले. भाडं देऊ नका ताई, 29 तारखेला मी अमळनेरलाच येतोय, माझेच आणतो.