सहावा जॉर्ज सिगारेट ओढत नसता तर किती जगला असता?

वाटसरू
ब्रिटिश राजघराण्याबद्दल वाचताना एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. राणी एलिझाबेथचे वडील सहावा जॉर्ज, जन्म १४ डिसेंबर १८९५ चा, आणि ६ फेब्रुवारी १९५२ ला झोपेतच गेला म्हणजे जेमतेम ५६. माणूस सिगारेट प्रचंड ओढायचा, फुप्फुसाचा कॅन्सर झाला, सप्टेंबर १९५१ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्येच ऑपरेशन करून डावं फुप्फुस काढलं, आणि कॅन्सर आहे हे लोकांना तर नाहीच पण त्याला स्वतःलाही सांगितलं नव्हतं, बुलेटिनमध्ये नुसतं फुप्फुसात 'रचनात्मक बदल' झालेत एवढंच. आता सगळीकडे म्हणतात की सिगारेटने सरासरी दहा वर्षं आयुष्य कमी होतं, मग ५६ मध्ये १० मिळवले तर ६६ च होतात. त्याची आई ८५ पर्यंत होती, मुलगी ९६ पर्यंत जगली. ६६ हे उत्तर मला अजिबात पटत नाहीये. मेडिकल किंवा स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी जरा सांगा ना.

आकडेमोड
दहा वर्षांचा आकडा तुम्ही वापरताय तसा वापरायचा नसतो. तो आला ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासातून, रिचर्ड डॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला, ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टर, पन्नास वर्षं मागोवा घेतला आणि २००४ ला निकाल छापला. त्यात १९०० ते १९३० मध्ये जन्मलेले जे शेवटपर्यंत ओढत राहिले ते न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. पण ही सरासरी सगळ्या ओढणाऱ्यांची आहे, त्यात असेही लोक आहेत ज्यांना तंबाखूने मारलंच नाही, ते दुसऱ्याच कशानेतरी गेले, त्यांचं नुकसान जवळपास शून्य. साधारण अर्धे ते दोन तृतीयांश लोक मात्र तंबाखूनेच जातात आणि सगळं नुकसान त्यांच्याच वाट्याला येतं, त्यातही जे सत्तरीच्या आत जातात त्यांची सरासरी वीसच्या वर वर्षं बुडतात. जॉर्ज या शेवटच्या गटातला. म्हणजे मिळवायचेच असतील तर २० मिळवा, ७६ च्या आसपास. तरी ही आडाखा बांधल्यासारखी गोष्ट आहे, एका माणसाचा आकडा कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कट्ट्यावरचा
मला हे सगळं जरा ताणलेलं वाटतं. चर्चिल आयुष्यभर सिगार ओढून ९० वर्षं जगला, जर्मनीचा माजी चॅन्सलर हेल्मुट श्मिट टीव्हीवर मुलाखत देताना पण सिगारेट पेटवायचा, ९६ ला गेला. फ्रान्सची जीन काल्मां १२२! जॉर्जवर महायुद्धाचा ताण होता, भाऊ गादी सोडून गेल्यावर नको असताना राज्य गळ्यात पडलं, १९४० मध्ये राजवाड्यावरच बॉम्ब पडले. माणूस त्यानेच खचला असेल, सगळं सिगारेटवर कशाला ढकलायचं?

आकडेमोड
श्मिटचं नाव आपल्याला माहितीये तेच मुळी तो ९६ पर्यंत ओढत जगला म्हणून. जे पंचावन्नला गेले त्यांची कोणी उदाहरणं देत नाही, ते आठवणीतून पण जातात. नॅट किंग कोल ४५ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, हम्फ्री बोगार्ट ५७ ला अन्ननलिकेच्या, वॉल्ट डिस्ने ६५ ला पुन्हा फुप्फुसाच्याच. ही यादी पण लिहायला हवी ना मग. आणि सिगारचा धूर बरेच लोक छातीत ओढून घेत नाहीत, त्यामुळे चर्चिलची तुलना सिगारेटवाल्याशी नीट होतच नाही.

डॉ_सदाफुली
मी व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीत आहे, म्हणून मला त्याच्या फुप्फुसाआधी त्याचे पाय दिसतात. १९४८ मध्ये त्याच्या पायांना रक्तच धड पोचत नव्हतं, इतकं की उजवा पाय कापावा लागेल अशी भीती होती, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला आणि मार्च १९४९ मध्ये कमरेजवळच्या मज्जातंतूंचं ऑपरेशन केलं, म्हणजे ते तंतू कापले की पायाच्या रक्तवाहिन्या सैल पडून जरा जास्त रक्त जातं. काही जण त्याला बर्गर्स डिसीज (हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात तो आजार) म्हणतात, काही जण रक्तवाहिन्या कडक होणं म्हणतात, पण दोन्हीकडे बोट तंबाखूकडेच जातं, आणि बर्गर्स तर तंबाखूशिवाय जवळजवळ दिसतच नाही. असे पेशंट मी रोज बघते. रात्री आडवं झालं की बोटांना रक्त अजून कमी पोचतं आणि ठणका वाढतो, म्हणून माणूस पाय पलंगाखाली लोंबते सोडून बसल्या बसल्या झोपतो, बोटाचं टोक निळं मग काळं, आणि एवढं होऊनही पहाटे गुपचूप एक ओढून येतो. मला त्यांचा राग नाही येत, जीव तुटतो. बर्गर्स असेल आणि तंबाखू खरंच पूर्ण बंद केली तर बहुतेकांचा पाय वाचतो हो.

आता कट्ट्यावरचा यांच्या मुद्द्याबद्दल. ताण होता हे कबूल, हृदयावर ताणाचा परिणाम होतो हेही कबूल. पण पायाच्या रक्तवाहिन्या गेल्या, मग फुप्फुस गेलं, आणि शेवटी मृत्यू झाला तो हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन. तीन ठिकाणं आणि तिन्हीकडे एकच धागा. ताणाने फुप्फुसात गाठ होत नाही. शिवाय कॅन्सरने त्याला वेळच दिला नाही असंही म्हणता येत नाही, कॅन्सरच्या आधी हृदयच थांबलं.

कट्ट्यावरचा
तीन ठिकाणांचं मला माहीत नव्हतं, मुद्दा पोचला. पण मग त्याने १९४९ ला पायांचं ऑपरेशन झाल्यावर सोडली असती तर?

डॉ_सदाफुली
हृदयाला फायदा झाला असता, तो धोका सोडल्यावर वर्षभरातच बराच खाली येतो. फुप्फुसातली गाठ मात्र तोपर्यंत बहुधा धरलेली असणार, ती वर्षानुवर्षं वाढत असते. म्हणजे १९५२ ची ती रात्र टळली असती कदाचित, पण फार पुढे गेला असता असं मला वाटत नाही. सोडायला हवी होती ती तिशीत.

बखरवाली
आनुवंशिकतेचं मी बघते, कारण इथे सगळे फक्त आई आणि मुलगी मोजतायत. वडील पाचवा जॉर्ज ७० ला गेले, तेही भरपूर ओढायचे आणि छातीचा जुना आजार होता, वर त्यांच्या डॉक्टरने शेवटच्या रात्री मॉर्फिन आणि कोकेन टोचून मरण थोडं अलीकडे आणलं, हे त्याच्या टिपणांवरून १९८६ मध्ये बाहेर आलं. आजोबा सातवा एडवर्ड सिगार आणि सिगारेट दोन्ही, ६८. मोठा भाऊ आठवा एडवर्ड, तोही ओढणारा, ७७ ला घशाच्या कॅन्सरने. धाकटी मुलगी मार्गारेट, १९८५ मध्ये फुप्फुसाचा थोडा भाग काढला, पुढे पक्षाघाताचे झटके, ७१. म्हणजे या घरात पुरुषांचं 'नैसर्गिक' आयुष्य किती हे कळायला न ओढणारा पुरुष तर मिळायला पाहिजे, तोच मिळत नाही! खालच्या पिढीत मिळतो तो जावई, रक्ताचं नातं तितकं जवळचं नाही, पण एलिझाबेथचा नवरा फिलिप याने १९४७ मध्ये लग्नाच्या वेळी सिगारेट सोडली, तेव्हा तो २६ चा होता, आणि शंभरीला दोन महिने कमी असताना गेला. बापाचं ओढणं एलिझाबेथला सलायचं म्हणून तिने त्याला सोडायला लावली असं सांगतात.

आकडेमोड
फिलिपचं उदाहरण डॉलच्या आकड्यांत अगदी बसतं. तिसाव्या वर्षी सोडली तर जवळपास पूर्ण दहा वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६, साठाव्या वर्षी ३. डॉल स्वतःही आधी ओढायचा, या अभ्यासाच्याही आधीच्या एका अभ्यासाचे निकाल दिसायला लागल्यावर सोडली आणि ९२ वर्षं जगला.

जॉर्जचं म्हणाल तर त्या काळी ब्रिटनमध्ये ६५ गाठलेला पुरुष सरासरी अजून १२ वर्षांच्या आसपास जगायचा, त्यात ओढणारेही धरलेले आहेत. न ओढणारा, चांगलं खाणंपिणं, घरातच डॉक्टर, म्हणून मी ७६ ते ८० म्हणेन.

वाटसरू
ह्याला म्हणतात उत्तर. मग मी थोडी आकडेमोड केली. एलिझाबेथने २०१५ मध्ये व्हिक्टोरियाचा ६३ वर्षं राज्य करण्याचा विक्रम मोडला. बाप १९५९ च्या फेब्रुवारीपर्यंत जगला असता, म्हणजे फक्त ७ वर्षं जास्त, तरी तो विक्रम मोडला नसता. आणि ८० पर्यंत जगला असता तर ती पन्नाशीला आल्यावर राणी झाली असती.

बखरवाली
आणि ती केनियात असताना राणी झाली तो दौरा पण मुळात बापाचाच होता. डॉक्टरांनी वर लिहिलंय तोच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. आधी पायांमुळे लांबणीवर पडला, नंतर फुप्फुसामुळे त्याला जाताच येईना म्हणून मुलगी-जावई निघाले. ३१ जानेवारी १९५२ ला तो त्यांना सोडायला विमानतळावर आला होता, सहा दिवसांनी गेला. माझा अंदाज आकडेमोड यांच्यापेक्षा थोडा कमी, ७४-७५, कारण त्याची तब्येत तरुणपणापासूनच नाजूक होती, पहिल्या महायुद्धात अल्सरचं ऑपरेशन झालं होतं.