शीट आमच्या शेतांची, आणि बाहेरचे आम्हीच?

घाटंजीकर

घाटंजी तालुक्यात सेंद्रिय कापसाच्या एका गटाचं कागदपत्रांचं काम मी पाहतो. गटात सहा गावांतले 214 शेतकरी आहेत. एकट्यादुकट्याला सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात 25 ते 500 शेतकऱ्यांचा गट करता येतो. त्यातली मोठी अट, गटाने आपली नियंत्रण पद्धत स्वतः चालवायची. कोणाचं किती क्षेत्र, जमिनीचा गट नंबर काय, बियाणं कुठून आणलं, शेतात काय टाकलं, शेजाऱ्याची फवारणी उडून येऊ नये म्हणून धुऱ्यावर काय लावलं, कापूस किती निघाला, सगळं लिहून ठेवावं लागतं. आम्ही ते वह्यांत लिहायचो. तीन वर्षांपूर्वी, ज्या संस्थेमार्फत हे काम चालतं तिने सगळं ऑनलाइन शीटवर घेतलं.

भरणारे आम्हीच. रात्री लाइन आली की वह्या समोर घेऊन बसायचं आणि एकेक नाव चढवायचं. फाईल मात्र संस्थेच्या खात्यात. यंदा पोळ्यानंतर संस्थेने नियम बदलला. संस्थेच्या खात्याबाहेर कोणालाच फाईल दिसणार नाही. एका सकाळी सहाही गावांतल्या कृषीमित्रांच्या फोनवर तेच पान आलं, परवानगी हवी, विनंती पाठवा. सगळ्यांनी पाठवली. ती ज्या ताईंनी शीट बनवली त्यांच्या नावावर गेली, आणि ताई तर चैत्रातच नोकरी सोडून गेल्या होत्या.

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची पूजा, होऊन आठवडा झाला नाही तोच प्रमाणपत्राचे निरीक्षक आले. शेतात उभं राहून त्यांनी मागच्या हंगामाचं उत्पादन विचारलं. माझ्याजवळ शीट नाही आणि वहीही नाही, कारण शीट आल्यावर वह्या लिहिणं आम्ही सोडून दिलं होतं. दोन शेतकऱ्यांच्या नावापुढे शेरा पडला. रासायनिक शेतीतून सेंद्रियात येण्याची, रूपांतराची दोन वर्षं त्यांनी कापूस साध्या भावात विकून काढली आहेत. त्यांच्या घरी जाऊन हे सांगायला माझी जीभ उचलेना.

माझं म्हणणं असं, की ज्याच्या शेताची नोंद आहे त्यालाच बाहेरचा ठरवणारा नियम चूक आहे. फाईल गटाच्या खात्यात असावी आणि संस्थेला बघायची परवानगी आम्ही द्यावी. आज आहे ते उलटं आहे.

माहितीवाली, नागपूर

दादा, त्या दोन घरांचं वाईट वाटलं. तरी मी संस्थेच्या बाजूने बोलणार आहे, कारण मी अशाच एका संस्थेत माहितीचं काम करते आणि दुसरी बाजू डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्याकडे लाभार्थ्यांची एक यादी 'लिंक असेल त्या कोणालाही' अशी उघडी ठेवली होती. कारण तुमचंच, गावातल्या लोकांना उघडता यावी. त्या यादीत आधार नंबर होते, बँक खाती होती, मोबाइल होते. कोणीतरी लिंक गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर, तिथून दुसऱ्या तालुक्यात. महिनाभराने एका आजींना फोन आला. बोलणाऱ्याला त्यांचं नाव, गाव, बँक सगळं माहीत होतं. अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा, म्हणाला. आजींनी सांगितला.

तो फोन आमच्याच यादीतून गेला का, हे आम्ही आजही सिद्ध करू शकत नाही. उघड्या लिंकचं हेच आहे. ज्याने खात्यात न शिरता फाईल पाहिली, त्याचं नाव कुठे उमटत नाही. 2016 च्या आधार कायद्याचं 29 वं कलम सांगतं की कोणाचा आधार नंबर जाहीर करता येत नाही. आमच्या हातून तेच घडलं होतं. त्यानंतर आम्हीही बाहेरचं शेअरिंग बंद केलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

संत्राबाग, मोर्शी

ताई, तुमचं खरं हाये. पण आमच्याकडं बिमारी येगळीच हाये. लिंक उघडी नाही, बंद बी नाही, तरी बी उघडत नाही. माह्या फोनमंधी तीन जीमेल हायेत. एक मोबाइलच्या दुकानवाल्यानं फोन घेतला तवा बनवून देल्ली, तिचा पासवर्ड त्यालेच ठाऊक. एक पोराची हाये, त्याचा कॉलेजचा अभ्यास तिच्यावर चालते. तिसरी मी सोता बनवली. संत्र्याच्या कंपनीवाल्यायनं परवानगी देल्ली तिसरीले, अन् फोन उघडते पोराच्या आयडीवर. मंग ते म्हणते परवानगी नाही. मी चार दिवस सायबाले फोन करू करू हैराण, अन् साहेब म्हणते म्या तं देल्ली! दोघंबी खरं बोलत होतो.

हे शिकवाले कोनी गावात येत नाही. आमच्या इथं बसून कोनी दहा मिनिटं दाखवलं असतं, त वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबून खातं बदलाचं असते, एवढंच होतं.

अकोल्याचा अ‍ॅडमिन

एका महाविद्यालयाची खाती मी सांभाळतो. मोर्शीच्या भाऊंनी सांगितलेलं कारण माझ्याकडे रोज येतं. घाटंजीकरांचा प्रकार वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका.

गूगल ड्राइव्हवर संस्थेचं खातं असेल तर फाईलच्या मालकाच्या वर अ‍ॅडमिनचा नियम असतो. अ‍ॅडमिनने बाहेरचं शेअरिंग बंद केलं की मालकाला मनात असूनही बाहेरच्याला फाईल देता येत नाही, आणि आधी दिलेली परवानगीही थांबते. विश्वासातल्या संस्थांची यादी करून तेवढ्यांना मोकळीक देता येते, पण ती ज्यांचं स्वतःचं डोमेन, म्हणजे संस्थेच्या नावाचा इंटरनेट पत्ता, आहे त्यांच्या कामाची. शेतकरी गट साध्या जीमेलवर चालतो, तो त्या यादीत बसत नाही.

पण अ‍ॅडमिनला सगळ्या संस्थेला एकच नियम लावावा लागत नाही. हिशेब विभागाला बंद आणि शेतावर काम करणाऱ्या विभागाला मोकळं, असं करता येतं. तुमच्या संस्थेने सरसकट कुलूप लावलं, कारण ते सोपं पडतं. बंद करायला एक क्लिक लागतो. कोणाला उघडायचं हे ठरवायला गावात काम कसं चालतं ते माहीत असावं लागतं.

आणखी एक. शीट बनवणाऱ्या ताईंनी चैत्रात नोकरी सोडली आणि शीट पोळ्यापर्यंत उघडत होती, म्हणजे त्यांचं खातं नुसतं गोठवलेलं असेल किंवा फाईल दुसऱ्याच्या नावावर केली असेल. खातं पुसलं असतं तर वीस दिवसांच्या आत परत आणावं लागतं, त्यानंतर त्यांच्या मालकीच्या फाईलीही जातात. तुमची शीट जिवंत आहे. आजच लेखी मागणी करा.

समुद्रपूरची ताई

मी बचत गटांचं काम करते. नागपूरच्या ताईंना विचारते, कुलूप लावल्यावर माहिती खरंच आत राहते का?

आम्हाला एक ऑनलाइन फॉर्म दिला होता. त्यात पासबुकाचा फोटो जोडायचा होता. फोटो जोडायचा म्हटलं की तो फॉर्म आधी गूगल खात्यात शिरायला लावतो. आमच्या निम्म्या बायांकडे खातं नाही, आणि ज्यांचं आहे त्यांना पासवर्ड आठवत नाही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, जाऊ दे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मग मी घरोघर जाऊन आधारचे, पासबुकांचे फोटो काढले आणि पाठवले.

ते सगळे फोटो आजही माझ्या फोनमध्ये आहेत. फोनला माझी मुलगी खेळते, भाचा नेतो, एकदा दुरुस्तीला चार दिवस दुकानात होता. मॅडमच्या फोनमध्येही असतील. संस्थेच्या कागदावर मात्र सगळं सुरक्षित, कारण बाहेर शेअरिंग बंद आहे. तुमच्या आजींची माहिती लिंकवरून गेली. आमच्याकडची गेली तर मी नेलेली असेल, आणि नाव माझंच येईल.

माहितीवाली, नागपूर

समुद्रपूरच्या ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. ते मी लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

पण घाटंजीकर, फाईल गटाच्या खात्यात म्हणता तेव्हा मला सांगा, ते खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर आहे? पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? मी गटांची खाती पाहिली आहेत. अध्यक्ष बदलले, जुन्या अध्यक्षांनी सिम बदललं, आणि नव्यांना खातं कायमचं बंद. संस्थेकडे निदान जबाबदार धरायला एक माणूस असतो. गटात भांडण झालं आणि ज्याच्याजवळ पासवर्ड आहे त्याने 214 नावं पुसली तर?

घाटंजीकर

खरं सांगतो. खातं माझ्या नंबरवर आहे. पासवर्ड मला आणि माझ्या भावाला ठाऊक आहे, आणि भाऊ गटात नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

तरी माझं म्हणणं मागे घेत नाही. आमच्या हातून चूक होऊ शकते हे कारण दाखवून आमची वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची नसते. चूक सुधारायला शिकवायचं असतं. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्याचं नाव आमच्या संस्थेने आम्हाला नियम बदलताना सांगितलं. त्याच कायद्यात लिहिलं आहे की ज्याची माहिती आहे त्याला ती मागता येते आणि दुरुस्त करून घेता येते. तेवढं पान कोणी वाचून दाखवलं नाही.

धानोऱ्याहून

मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो. तुमची सगळ्यांची चर्चा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरते आहे. फाईल संस्थेची असो की गटाची, ठेवलेली तिसऱ्याच्याच जागेवर आहे.

आमच्याच तालुक्यात मेंढा आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. 2009 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो सभेत बसून, सर्वांच्या संमतीने, कागद वाचून मिळाला. आम्हीही तेंदूचा हिशेब सभेत मोठ्याने वाचतो, रजिस्टरवर सह्या घेतो, मग एक जण त्याचे फोटो काढून संगणकावर चढवतो. नेटवर्क गेलं, खातं बंद झालं, माणूस सोडून गेला, तरी रजिस्टर पेटीत असतं. घाटंजीकर, तुम्ही वह्या बंद केल्या, शेरा त्यामुळे पडला. परवानगीचा मुद्दा नंतरचा.

अकोल्याचा अ‍ॅडमिन

रजिस्टरबद्दल आदर आहे, पण पटत नाही. 214 शेतकरी, प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे, तीन हंगाम. कोणाच्या शेजारी कोण फवारतो हे वहीत शोधायला संध्याकाळ जाते, शीटमध्ये मिनिट लागत नाही. जिनिंगला गाडी गेल्यावर कोणाचा कापूस कोणत्या गंजीत गेला हेही जुळवावं लागतं.

माझा उपाय फाईल तोडण्याचा आहे. निरीक्षकाला आणि कृषीमित्राला आधार आणि बँक खातं लागत नाही. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, नोंदी ही एक फाईल, ती गटाच्या खात्यात. आधार, बँक वेगळ्या फाईलमध्ये, ती संस्थेच्या कुलपात. आधार लागलाच तर शेवटचे चार आकडे दिसतील असा मास्क केलेला घ्या.

फक्त एक चूक करू नका. पुष्कळ जण मोठी शीट तशीच ठेवून इम्पोर्टरेंज सूत्राने थोडे रकाने दुसऱ्या शीटमध्ये ओढतात आणि ती गावाला देतात. ज्याला दुसरी शीट एडिट करता येते तो ते सूत्र बदलून मूळ शीटचे बाकीचे रकानेही ओढू शकतो. रकाना लपवूनही भागत नाही, फाईलची प्रत काढली की तो उघडतो. फाईली खरोखर वेगळ्या करा.

माहितीवाली, नागपूर

इम्पोर्टरेंजचं मला माहीत नव्हतं. आमच्या दोन प्रकल्पांत तेच केलेलं आहे. उद्या सकाळी पहिलं काम ते.

तोडलेल्या फाईलीला माझा विरोध नाही. पण मालकी गटाकडे द्यायला मी आजही तयार नाही. शेअर्ड ड्राइव्ह करा, तिथली फाईल एका माणसाच्या नावावर नसते, कोणी नोकरी सोडली तरी ती तिथेच राहते. ती संस्थेची राहू द्या आणि गटाच्या दोघांना त्यात घ्या.

घाटंजीकर

आठ दिवसांनी लिहितो. संस्थेला लेखी मागणी दिली. त्यांनी सांगितलं, मालकी बाहेरच्या खात्याला देताच येत नाही, पण प्रत काढून देतो. प्रत काल आली, आधार आणि बँकेचे रकाने काढून. कोणी कधी काय बदललं तो मागचा इतिहास प्रतीत येत नाही, तो तिकडेच राहिला. निरीक्षकांना तोच दाखवायचा होता.

गटाची सभा घेतली. खात्याला आता गटाचं वेगळं सिम आहे. सिम अध्यक्षांकडे, पासवर्ड पाकिटात बंद करून कोषाध्यक्षांकडे. भावाला ठाऊक होता तो बदलला. वह्या पुन्हा सुरू केल्या, धानोऱ्याच्या भाऊंचं ऐकलं. प्रत सभेत मोठ्याने वाचली, तर तीन गट नंबर चुकलेले निघाले. त्यातला एक त्या शेरा पडलेल्या दोघांपैकी एकाचा आहे. आमच्या प्रतीत तो दुरुस्त केला. संस्थेच्या शीटमध्ये तो अजून चुकीचाच आहे, आणि प्रमाणपत्रासाठी तीच शीट जाते.

नागपूरच्या ताई, शेअर्ड ड्राइव्हमध्ये आम्हा दोघांना घेतलं असतं तर हा नंबर आम्हाला दुरुस्त करता आला असता का, की नुसता बघता आला असता?