ओट्याखाली सरकती दारं : कोणी बसवलीत का?

रामबागवाली
इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर. स्वयंपाकघर साडेपाच फूट रुंद, त्यात ओटा दोन फुटांचा, म्हणजे वावरायला साडेतीन. ओट्याखाली तीन-तीन फुटांचे तीन खण आहेत, मधे दगडी फरशीची पार्टिशनं. प्रत्येक खणाला दीड-दीड फुटाची दोन दारं. एक उघडलं की निम्मी वाट बंद.

सासूबाई 82 वर्षांच्या, वॉकर घेऊन माठापर्यंत येतात. मागच्या आठवड्यात वॉकरचा पाय उघड्या दारात अडकला. पडल्या नाहीत, पण तेव्हापासून पाणी मागून घेतात, आणि मागून घेणं त्यांच्या स्वभावात नाही.

मिस्त्री म्हणतो, "भाभीजी, स्लाइडिंग करवा लो, मक्खन चलेगा." हा माणूस सगळ्यालाच मक्खन म्हणतो. आमच्या जिन्यालाही म्हणाला होता. कुणाला अनुभव आहे?

रंधा
तीस वर्षं फर्निचरची कामं करून घेतली आहेत, म्हणून आधी गैरसोय सांगतो. सरकत्या दारांत एका वेळी निम्माच खण उघडतो. तुमच्या 36 इंचांत दारं एकमेकांवर इंचभर चढणार, म्हणजे हात घालायला साडेसतरा इंच. कढया निघतील. आत पूर्ण रुंदीची तारेची बास्केट असेल तर ती बाहेरच येणार नाही.

दुसरं, 18 मिलिमीटरची दोन दारं एकामागे एक आणि मधली फट धरून पावणेदोन इंच खोली गेली. आतली फळी लाकडाची असेल तर कापता येते. दगडाची असेल तर खरा खर्च तिथे आहे, मिस्त्रीने तो सांगितला का? अॅल्युमिनियमच्या चौकटीतली पातळ दारं घेतलीत तर जागा कमी जाते आणि वजनही. प्लायच हवा असेल तर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघा. सिंकजवळ एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड, नको, पाणी लागलं की फुगतो आणि मग दार ट्रॅकमध्ये रुतून बसतं.

खालच्या ट्रॅकमध्ये कणीक, मोहरी, साबूदाणा सगळं जमतं. वजन वरच्या ट्रॅकवर टांगा, खाली फक्त गाइड. मात्र वरचा दगड भोसकून स्क्रू मारू देऊ नका, दोन पार्टिशनांमध्ये आडवी पट्टी घट्ट बसवून घ्या.

सिलिंडर कुठल्या खणात आहे?

रामबागवाली
डावीकडच्या, शेगडीखाली.

रंधा
मग तिथे जाळीचंच दार राहू द्या. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. खाली हवा खेळलीच पाहिजे.

ग्वाल्हेरी_फडताळ
आमच्या आजीच्या फडताळाला काचेची सरकती दारं होती, ना चॅनेल ना चाकं. लाकडात दोन खाचा, वरची खालच्यापेक्षा दुप्पट खोल. दार वर उचलून वरच्या खाचेत घालायचं आणि खालच्या खाचेत सोडायचं. दिवाळीला तसंच उलट काढून धुवायचं. अडलं तर मेणबत्ती घासायची. हलक्या दारांना आजही हे पुरतं.

चिमटा
एवढा खटाटोप कशाला? पडदा लावा.

रामबागवाली
शेगडीखाली पडदा? नको हो.

काल टेप घेऊन बसले. माठाकडे जाताना वाटेत येतो तो फक्त उजवीकडचा खण, डब्यांचा. सिलिंडरचं दार दीड महिन्यातून एकदा उघडतं. मधल्या खणातून कुकर आणि कढई दोन्ही एकदम लागतात, तिथे निम्मं उघडणारं दार मला रोज चिडवेल. तेव्हा उजव्या एकाच खणाला सरकती दारं, आतली फळी लाकडाची आहे म्हणून कापून मिळेल.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दारंच काढून टाक की. तुझे डबे कोण चोरून नेतंय?" झुरळं म्हणाले, तर गप्प.

मिस्त्रीला म्हटलं, दारं उचलून काढता आली पाहिजेत, वरची खाच खोल घे. थोडा वेळ ओट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाभीजी, ये किसने बताया?"