एवढं महागडं बीच रिसॉर्ट घेऊन दिवसभर बाहेरच भटकायचं का?

निळी_छत्री

मंडळी, पाच रात्रींचं बुकिंग करायच्या बेतात आहे आणि घरात दोन तट पडलेत. रिसॉर्ट ऐटबाज आहे, पायऱ्या उतरल्या की थेट वाळू. नवरा म्हणतो, एवढे पैसे मोजल्यावर मी हॅमॉकमधून हलणार नाही. अकरा वर्षांच्या लेकीला स्कूबा, कयाक, झिपलाइन सगळंच हवंय, तिने वहीत तक्तासुद्धा आखलाय. पहिल्या दिवशी आराम, मग कयाक, झिपलाइन, आणि 'सगळ्यात भारी शेवटी' म्हणून पाचव्या दिवशी संध्याकाळी स्कूबा. सहाव्या दिवशी सकाळी सातचं विमान आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे धरतात. मला पोहता येतं, पण पाय टेकेल तिथवरच. 'सी फ्रंट' खोलीला बरेच जास्त पैसे सांगतायत. द्यावेत का?

खारावारा

आधी लेकीचा तक्ता उलटा करा, खोलीचं नंतर.

स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानातल्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, आणि ते दुखणं साधं नसतं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास थांबायचं, असा दंडक आहे. तुमच्या तक्त्यात जेमतेम बारा तास भरतात, तेही बोट वेळेवर सुटली तर. झिपलाइन उंच डोंगरावर असेल तर तीही स्कूबानंतर लगेच नको. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, उंचीचं सगळं शेवटी. नुसत्या स्नॉर्केलिंगला (नळीने श्वास घेत वरूनच पाण्यात बघणं) ही अट नाही.

आता खोली. आम्हीही पुढची खोली घेतली होती, जास्तीचे पैसे मोजून. पहिल्या सकाळी सात वाजता ऐटीत पडदा सारला तर समुद्र जागेवर नाही! मी पावलं मोजली, तीनशेवीस. मधे सगळा चिखल, खडक आणि खळग्यांत अडकलेले खेकडे. बायको म्हणाली, "फोटोतला समुद्र दुपारपाळीला येत असेल." आणि खरंच आला, एकच्या सुमारास, अगदी पायऱ्यांना लागला. फोटो भरतीचा होता आणि बुकिंग घेणाऱ्याने ओहोटीचा शब्द काढला नव्हता.

तेव्हा पैसे भरण्याआधी तुमच्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी पाणी लांब असेल तर आठवड्याभराने त्याच वेळी दारात असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. किनारा उथळ असेल तर रिसॉर्टला सरळ विचारा: "ओहोटीला पोहता येतं का?" उत्तरात 'व्ह्यू' हा शब्द आला तर समजून जा.

मुखवटा_गळका

लेकीचं वय चालेल. शिकाऊ स्कूबाला साधारणपणे 10 वर्षं पूर्ण लागतात आणि 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. पण सर्दी असेल तर हट्ट करू देऊ नका. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कान दोन-तीन मीटरवरच बोलायला लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीपासून, दर हातभर खाली गेलं की. दुखलं तर थोडं वर यायचं. लाजून गप्प बसायचं नाही.

मला त्रास दिला तो मिशीने. मास्क नीट बसेना, नाकाखालून थेंब थेंब पाणी आत. प्रशिक्षकाने वर आणून मास्क सोडवला, पट्ट्याखालून केस मागे सारले, मिशीवर बोटभर व्हॅसलीन फासलं आणि मला पुन्हा खाली ढकललं. नंतर चाळीस मिनिटं थेंब नाही. लेकीच्या कपाळावरची बट तेवढी टोपीत कोंबा, एका केसानेही मास्क गळतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं. ती आधी ईऽ करेल.

शिडातलं_वारं

मी नवरोबांच्या बाजूने. रोज एक, तेही सकाळी. दुपारी वारा उठतो, पाणी गढूळतं आणि उन्हाने जीव जातो. कयाक घ्याल तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो. आम्ही उलटं केलं आणि अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागला, त्यात वल्हं कोणी नीट मारत नाही यावरून भांडण.

तुम्हाला पाय टेकेल तिथवरच येतं म्हणून सांगतो: पाणी आत ओढतंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका. काठाला समांतर पोहत ओढीबाहेर पडा, मग वळा. तेवढा दम नसेल तर पाठीवर तरंगत हात हलवा. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरूच नका. स्नॉर्केलिंगला तुम्ही जॅकेट घालूनच जा, त्यात कमीपणा नाही.

खरचटलेली

दोनच गोष्टी. पोवळ्यांवर पाय ठेवू नका. ती जिवंत असतात, आणि त्यांनी खरचटलेलं लवकर भरत नाही, माझी पोटरी तीन आठवडे चिघळत होती. आणि उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहायचा अंगरखा घ्या. हवाईमध्ये 2021 पासून ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे, पोवळ्यांना त्रास होतो म्हणून. अंगरखा असला की क्रीम चेहऱ्यापुरतंच लागतं.

प्रवास विम्याचे कागदही वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत स्कूबा आणि झिपलाइन वगळलेली असते.

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक पाहिलं: आमच्या पहिल्या तीन सकाळी ओहोटीच आहे. पुढची खोली रद्द, बागेतली घेतली, तिला पायऱ्याही कमी आहेत. सासूबाई खूश. वाचलेल्या पैशांत स्कूबा आणि झिपलाइन दोन्ही बसतंय. लेकीने तक्ता खोडून नवा केलाय, 'विमानाआधी 18 तास' लाल पेनाने. नवऱ्याच्या रकान्यात पाचही दिवस 'हॅमॉक'.

मिशी मात्र त्यालाही आहे. व्हॅसलीनची डबी घेऊन ठेवलीये, अजून सांगितलं नाही.